शेजारची सीट

तो खिडकीशी आला तेव्हा त्याच्या हातात औषधाच्या दुकानाची पिशवी होती. मला वाटलं, हा दवाखाना शोधता शोधता चुकून इकडे आला.

बाहेर ऑगस्टअखेरचा पाऊस असा लागला होता की समोरचा डांबरी ट्रॅक तलावासारखा दिसत होता. चंद्रपूरपासून अर्ध्या तासावर, बंद पडलेल्या खाणीची जमीन सपाट करून केलेलं आमचं 'झेप मोटर सर्किट' अशा दिवशी ओस पडतं. छत्री नाही, रेनकोट नाही... हा मात्र रमत-गमत आला. आणि येता येता त्यानं एक गंमत केली. शेडखालच्या प्रत्येक गाडीपाशी थांबून तिचे टायर बघितले. लोक रंग बघतात, स्टिअरिंग बघतात, काचेत स्वतःचा भांग बघतात. यानं टायर बघितले.

मी लगेच वही उघडली.

वहीचं सांगते. मी चंचल दोनाडकर. वय सव्वीस, गाव ब्रह्मपुरीकडचं, मुक्काम चंद्रपुरात रुखमा मामीकडे, काम या बुकिंगच्या खिडकीमागे. माझ्या डोक्यावर पाटी आहे, तिच्यावर पाच अनुभव लिहिलेत. गो-कार्ट. स्पोर्ट्स कार. एकट्यानं चालवायची फॉर्म्युला गाडी. चिखलातली रॅली, म्हणजे तुम्ही चालवायचं आणि आमचा शिक्षक शेजारी. आणि पाचवा, 'शेजारची सीट' – आमचा चालक चिखलात गाडी पळवणार, तुम्ही बाजूला बसून जीव मुठीत धरणार. फाटकापासून खिडकीपर्यंत सत्तर पावलं होतात. तेवढ्यात मी माणूस ओळखते. डाव्या रकान्यात माझा अंदाज, उजव्या रकान्यात त्याची निवड. नवीन लग्न झालेला स्पोर्ट्स कार घेतो, कारण बायकोला फोटो हवा असतो. नुकताच साहेब झालेला फॉर्म्युला घेतो, कारण तिथं त्याला शेजारी कोणी नको असतं. मित्रांचा घोळका आला की गो-कार्ट. अकरा महिन्यांत शंभरातले एक्क्याण्णव बरोबर.

टायर बघणाऱ्यापुढे मी लिहिलं – चिखलातली रॅली.

"हे इथीच चालते ना?" त्यानं पिशवीतून एक कागद काढला. स्वतः निथळत होता, कागद कोरडा ठणठणीत. भेटीचं व्हाउचर होतं. कोणताही एक अनुभव, मुदत सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत. नाव – प्रफुल लांजेवार.

"चालते. कोनता लिहू?"

त्यानं पाटी वाचली. वरून खाली, मग खालून वर. पापण्यांवरून पाणी गळत होतं, पण पुसायची घाई नव्हती.

"एक-एक सांगा ना जरा, मॅडम."

मी गो-कार्टपासून सुरुवात केली आणि तिथंच अडकले. त्याचे प्रश्न सुरू. ब्रेक कोनत्या पायानं? उलटली तर? दारच नाही, तर आतल्या माणसाला बाहेर काढाचं कोनत्या बाजूनं?

"तुमी गाडी चालवाले आले का मान्सं काढाले?"

तो हसला. हसताना मान खाली घालतो, हे मी तेव्हाच टिपलं. "सवय आहे जी. अँब्युलन्स चालवतो, गडचिरोलीकडं. नागपूरचे पाव्हणे होते, पुरात अडकले होते, आजोबाले नेलं दवाखान्यात. त्यायनं हे धाडलं."

"बरं. मंग कोनता?"

"विचार करतो... पुढच्या रविवारी येतो."

मी हिशेब केला. जाता-येता पाच तास बस, सात मिनिटं प्रश्न. "हे फोनवर विचारता आलं असतं. नंबर आहे ना कागदाच्या मागं."

"फोनवर टायर दिसत नाई," तो म्हणाला आणि पावसात निघून गेला. माझ्या वहीत पहिल्यांदा उजवा रकाना रिकामा राहिला. मला रिकामा रकाना आवडत नाही. आठवडाभर तो खुपत होता... रकाना.

*

दुसऱ्या रविवारी तो स्पोर्ट्स कारबद्दल विचारायला आला. सात मिनिटांऐवजी वीस लागली. पाऊस नव्हता, तरी डोकं ओलं होतं. फाटकाबाहेरच्या नळावर तोंड धुऊन, भांग पाडून आला होता. मी तेही टिपलं.

तिसऱ्या रविवारी फॉर्म्युला. कागदाच्या पुडीत सिताफळं घेऊन आला आणि पुडी अशी ठेवली, जणू कोणी दुसराच विसरून गेला होता.

"ही काय लाच आहे?"

"नाई जी. झाडाले लागली होती."

"झाड बसमधी होतं?"

मान खाली. हसू. मग त्यानं पाटीकडे बघितलं. "तो पाचवा मात्र नाई. शेजारच्या सीटवर मी कधी बसतच नाई."

"काऊन?"

"भेव वाटते." इतक्या सरळ आवाजात कुठल्या पुरुषानं या खिडकीशी हे कबूल केलं नव्हतं. "बारा वर्षं झाली, मीच चालवतो. दुसरा चालवत असला का माझा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबते. बसमधी पन. गडचिरोलीपासून इथवर दाबत येतो. उतरलो का पिंडरी दुखते."

"मनजे दर रविवारी पाच तास ब्रेक दाबता तुमी?"

"हो ना."

"माझ्या खिडकीशी येऊन प्रश्न विचाराले?"

त्यानं सिताफळाच्या पुडीचा कोपरा उगाच सरळ केला... मीही पाटीकडे बघत राहिले. पाटी मला पाठ आहे.

*

आता माझं सांगते, कारण तोपर्यंत माझंही काही पणाला लागलं होतं.

आमचे मुख्य शिक्षक सुनिल सर नाशिकचे. रॅलीत वीस वर्षं घालवलेला माणूस, बोलणं मोजकं. त्यांना चिखलाच्या ट्रॅकसाठी नवा चालक हवा होता. मेकॅनिक विक्कीनं नाव दिलं. मीही दिलं. सगळे हसले. सर हसले नाहीत.

"शिकलीस कुठे?"

"धानाच्या बांदीत, म्हणजे भाताच्या शेतात, सर. सतरा वर्षांची होते तेव्हापासून बाबांचा ट्रॅक्टर चिखलणीला मीच चालवते."

त्यांनी मला एक फेरी मारायला लावली. उतरल्यावर म्हणाले, "ठीक आहे. पण आपल्याकडे लोक बसतात, पोती नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी पाचच्या आत एका तरी ग्राहकाने 'शेजारच्या सीट'साठी तुझं नाव स्वतःहून घ्यायला हवं. त्याला बसवून फेरी मार. मी बघेन. आणि एक – काउंटरवर तूच असतेस. तू सुचवायचं नाहीस. एक शब्दही नाही."

झालं. पाटीखाली छोटी चिठ्ठी लागली : शेजारची सीट – चालक : विक्की, चंचल. आपल्याला हवा तो निवडावा.

लोक विक्की निवडायचे. विक्कीकडे काळा गॉगल आहे, दंडावर वाघ गोंदलेला आहे. एक गृहस्थ म्हणाले, "हा चंचल कोण? नवीन पोरगा आहे का?"

"मीच, सर."

त्यांनी मला बघितलं, मग विक्कीच्या दंडावरचा वाघ बघितला. "राहू द्या. विक्कीच लिहा."

मी लिहिलं. सुवाच्य अक्षरात लिहिलं. तीन रविवारांत सव्वीस ग्राहक, सव्वीस वेळा विक्की. विक्की जाता-येता खिडकीवर टिचकी मारायचा, "चंचल, तुया नावाची चिठ्ठी ओली होऊन राह्यली ना वं. काढून टाकू का?"

"राहू दे. पाच वाजेपर्यंत माझीच आहे."

"कोनत्या दिवशीचे पाच?"

"शेवटच्या."

मामी घरी विचारायची, "तुया मोटारीच्या पटाचं काय झालं वं?" मामीला सर्किट म्हणजे शंकरपटच वाटतो. आमच्या गावी पट भरला की बैलजोड्या एकेक करून सरळ पट्टीवर धावतात, आणि पट्टीच्या शेवटी त्या जोडीच्या घरचं माणूस रंगीत कापड हलवत उभं असतं. बैलांना कळावं, घर कुठं आहे ते. मामीनं लग्नाआधी सहा वर्षं तिच्या बाबांच्या जोडीसाठी कापड हलवलंय. ती अजून तो हात दाखवते.

*

चौथ्या रविवारी प्रफुल चिखलातल्या रॅलीबद्दल विचारायला आला, आणि मी वाहून गेले.

"चिखलात गाडी भांडते," मी सांगत होते. "तिले भांडू द्याचं. स्टिअरिंग गच्च पकडलं का ती अजून चिडते. ब्रेक तर हापकन मारूच नाई. पाय असा... पिकलं फळ दाबून पाहाचं तसा. आणि नजर चाकासमोर नाई, जिथी जाचं आहे तिथी. बांदीच्या काठच्या धुऱ्याकडं पाहून राह्यलं ना, का ट्रॅक्टर धुऱ्यावरच चढते."

बोलता बोलता माझे दोन्ही हात खिडकीबाहेर येऊन हवेत स्टिअरिंग फिरवत होते. तो कोपर टेकून बघत होता. प्रश्न एकही नाही.

"काय पाहून राह्यले?"

"तुमचे हात." मग दचकून, "मनजे... स्टिअरिंग."

मी हात आत घेतले. कानांच्या पाळ्या तापल्या. त्यानं नजर चुकवायला पाटीकडे बघितलं आणि पाटीखालची चिठ्ठी त्याला दिसली. चार रविवार तो या खिडकीसमोर उभा होता, आणि चिठ्ठी त्याला आज दिसली. आधी तो कुठं बघत होता, हे ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

"ही चंचल कोन?"

"मी."

"तुमी गाडी चालवता?"

"परीक्षा आहे. कोनी नाव घेतलं तर."

"किती जनायनं घेतलं?"

"शून्य."

"आणि मुदत?"

"तुमच्या व्हाउचरचीच. शेवटचा रविवार, पाच."

त्यानं चिठ्ठी पुन्हा वाचली. मग जरा रागानंच म्हणाला, "मंग मले सांगतलं काऊन नाई?"

"सांगाची मनाई आहे. आणि मनाई नसती तरी सांगतलं नसतं. तुमाले भेव वाटते. कोनाच्या भेवावर पाय ठेवून मले वर चढाचं नाई."

शेडच्या पत्र्यावर पावसाची एक सर वाजून गेली. त्यानं उजवा पाय जमिनीवर एकदा दाबला – मला खिडकीतून दिसलं – आणि "येतो" म्हणून वळला. दर वेळी फाटकाशी वळून बघायचा, त्या दिवशी वळला नाही.

त्या रात्री मामीनं विचारलं, "जेवत काऊन नाईस?" मी म्हटलं, पोट भरलंय. मामीनं ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कोनत्या गावचा आहे?" एवढंच म्हणाली.

*

शेवटचा रविवार. सकाळपासून अकरा ग्राहक, अकरांपैकी कोणीही माझं नाव घेतलं नाही. मी घरून निघतानाच ठरवलं होतं की पाच वाजेपर्यंत खिडकीवरून उठायचं नाही आणि चेहरा पाडायचा नाही. मामी जेवणाचा डबा, एक नारळ आणि स्वतःचा ठेवणीतला लाल दुपट्टा घेऊन हजर झाली होती. विक्कीनं तिला बाकावर बसवलं. मी कितीही म्हटलं की मामी, अजून कोणी नाव घेतलं नाही, तरी ती म्हणाली, "पटाच्या दिवशी घरचं मान्स पाह्यजे."

तीन वाजले. मी चुकूनही फाटकाकडे बघत नव्हते. म्हणजे दर मिनिटाला एकदाच.

चार वाजले. गडचिरोलीची बस तीनलाच येते. विक्की चिठ्ठीशेजारी उभा राहून नखानं तिचा कोपरा उचकटत होता.

"हात काढ," मी म्हटलं.

"अवं, एक तास राह्यला."

"तो माझाच आहे. हात काढ."

त्यानं हात काढला.

चार चाळीसला फाटकातून एक मोटरसायकल आली. चालवणारा म्हातारा कोणी अनोळखी होता, डोक्याला फडकं बांधलेलं. आणि मागे, दोन्ही हातांनी सीटची कडी धरून, डोळे गच्च मिटलेला... प्रफुल. मी त्याला गाडीवर मागे बसलेला पहिल्यांदाच बघत होते. उतरला तेव्हा उजवा पाय लटलटत होता. गुडघ्यापर्यंत चिखल, कागद मात्र पिशवीत कोरडा.

"नाल्यावर पानी होतं, बस थांबली," तो धापा टाकत म्हणाला. "या बाबायनं आनलं. बाबा, लय उपकार झाले."

म्हातारा म्हणाला, "पोरगं रस्ताभर माझ्या पायावर पाय दाबत होतं," आणि निघून गेला.

सुनिल सर काउंटरमागे येऊन उभे राहिले होते. हातात घड्याळ. मी खुर्चीत सरळ बसले.

"नमस्कार. आपल्याकडे पाच अनुभव आहेत," मी म्हणाले. सगळ्यांना सांगते तसंच, पहिल्यापासून, सगळं. गो-कार्ट सांगितली. स्पोर्ट्स कार सांगितली. फॉर्म्युला सांगितली, ती घेतली तर एकट्याला चालवता येते, हेही. चिखलातली रॅली सांगितली, आणि मनात म्हटलं, टायर बघणाऱ्या माणसा, तुला हीच शोभते, हीच घे, माझी वही तरी खरी होऊ दे. "...आणि पाचवा, शेजारची सीट. चालक – विक्की किंवा चंचल. यात ग्राहकाच्या हातात काही नसतं. ब्रेकसुद्धा नसतो. नीट विचार करून सांगा."

त्यानं सगळं ऐकलं.

"पाचवा," तो म्हणाला.

माझं पेन थांबलं. "चालक?"

"चंचल."

"तुमाले भेव वाटते."

"वाटते ना. अजून पन वाटून राह्यलं." त्यानं खिडकीच्या फळीवर दोन्ही हात ठेवले. "कोनी ढकललं नाई मले. गेल्या रविवारी बसमधी बसलो, पाय ब्रेक दाबून राह्यला होता. दाबता दाबता मनात आलं, जगात एक तरी मान्स असन का, ज्याच्या शेजारी हा पाय थांबन? मंग तुमचे हात आठवले. लिहा. चंचल दोनाडकर."

आडनाव चिठ्ठीवर नव्हतं. त्यानं ते कुठून शोधलं, मी विचारलं नाही. फॉर्म भरला. 'हा अनुभव का निवडला?' या रकान्याशी आले तेव्हा तो म्हणाला, "हे उतरल्यावर लिहितो."

चार पन्नास.

*

हेल्मेट चढवलं, पट्टे आवळले. मामीनं बोनेटवर कुंकू लावलं आणि दगडावर नारळ फोडला; पाण्याचे चार थेंब प्रफुलच्या काचेवर उडाले.

"सूचना," मी म्हटलं. "लाल दिसलं का गाडी थांबनार. कोनी दाखवलं, काऊन दाखवलं, मी विचारनार नाई."

"बरं."

"भेव वाटलं तर ओरडा."

"ओरडलो तर थांबसान?"

"नाई."

मी क्लच सोडला.

दोन फेऱ्यांची परीक्षा. पहिल्याच वळणावर मागची चाकं सुटली, गाडी आडवी झाली, लाल चिखल काचेवर फटकन बसला... आणि मी घरी होते. बाबांच्या बांदीत होते. भांड बाई, मी म्हटलं, भांड. स्टिअरिंग बोटांवर धरलं, नजर वळणाच्या पलीकडे ठेवली. ती भांडली आणि सरळ झाली. शेजारून एक लांब श्वास ऐकू आला. दुसरं वळण, उंचवटा, खड्ड्यातलं पाणी दोन्ही बाजूंनी भिंतीसारखं उठलं. पहिली फेरी संपली तेव्हा घड्याळाकडे न बघताही मला कळलं, मी विक्कीच्या बरोबरीनं आहे. दुसऱ्या फेरीत पुढे गेले. शेवटचं सरळ अंतर राहिलं होतं. ॲक्सिलरेटर तळाला.

आणि टोकाला, रेषेच्या पलीकडे, लाल.

डोळ्यांना आधी फक्त लाल दिसलं. मग दुपट्टा दिसला. मग दोन्ही हातांनी तो डोक्यावर गरगर फिरवणारी रुखमा मामी दिसली – सहा वर्षांचा सराव, खांद्यातून हात, "ये ये ये ये!" करत. बैलांना घर दाखवत होती.

मामी आहे, हे मला कळत होतं. तिला काय म्हणायचंय, तेही कळत होतं. रेषा साठ हातांवर होती.

लाल म्हणजे लाल. मी पाय उचलला. पिकलं फळ. अजून थोडं. अजून. चिखल चाकांखाली करकरला, गाडी एकदा मान हलवावी तशी हलली, आणि थांबली. रेषेच्या अलीकडे. सरळ.

इंजिनाची घरघर तेवढी उरली.

मामी धावत आली, काचेवर थापा मारत. "थांबली काऊन वं? हाक ना! इतल्या जवळ येऊन थांबते का कोनी?"

"मामी... ते लाल आहे."

"मंग! चांगलं उठून दिसते मनून तर आनलं!"

विक्की पोट धरून हसत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून मी समोर बघत राहिले. एक महिना, एकच ग्राहक, साठ हात. आणि मग मला एक गोष्ट आठवली. मी हळूच खाली, त्याच्या बाजूला बघितलं.

त्याचे दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवलेले होते. उजव्या बुटाखाली रबराच्या चटईवर चिखलाचा एक ठसा होता, बुटाएवढाच, न फरफटलेला. पाय जिथं ठेवला होता तिथंच होता.

"दाबला नाई," प्रफुल म्हणाला. स्वतःच त्या पायाकडे बघत होता, कोणा दुसऱ्याचा असल्यासारखा. "थांबली तेव्हा पन नाई दाबला."

सुनिल सर चालत आले. आमच्याकडे न येता ते गाडीच्या मागे गेले, वाकले, चिखलातल्या चाकांच्या खुणा बघत वीस पावलं मागे गेले, परत आले.

"वेळ विक्कीची चांगली," ते म्हणाले.

"हो, सर."

"मामी होती, तुला कळलं होतं?"

"कळलं होतं, सर. तरी लाल होतं. पुन्हा दिसलं तर पुन्हा थांबीन."

त्यांनी बोटावरचा चिखल पुसला. मग प्रफुलकडे वळले. "घाबरलात?"

"बसाच्या आधी, जी. बसल्यावर टाइमच नाई भेटला."

"हं." सरांनी घड्याळ खिशात टाकलं. "महिनाभर शिकाऊ म्हणून. मग बघू. काउंटरला माणूस शोधावा लागेल." आणि जाता जाता मामीला म्हणाले, "बाई, पुढच्या वेळी पिवळा आणा. किंवा आणूच नका."

मामीनं दुपट्टा छातीशी धरला. प्रफुलला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, टायर बघावेत तसं. "हाच आहे का तो, तुले जेवू न देनारा?" तिनं मला विचारलं. मी हेल्मेटची काच खाली केली.

*

पाच वाजून गेले होते. खिडकीत मी माझ्या जागेवर, तो त्याच्या जागेवर. खिडकीच्या फळीवर त्यानं फॉर्म पूर्ण केला आणि पालथा सरकवला. मी सरळ केला. 'हा अनुभव का निवडला?' समोर, गोल गोल अक्षरांत : *पाय थांबते का पाहाले. थांबला. आता बाकीच्या मान्साचं काय कराचं, ते मॅडमनं सांगावं.*

मी वही उघडली. त्याच्या नावापुढे, डाव्या रकान्यात, चिखलातली रॅली. उजव्या रकान्यात मी लिहिलं – शेजारची सीट. मग वही त्याच्याकडे फिरवली.

"चुकला अंदाज तुमचा," तो म्हणाला.

"हो ना. पाच रविवार लावले तुमी चुकवाले."

"पहिल्याच दिवशी सांगतलं असतं, तर दुसऱ्या रविवारी कोनतं तोंड घेऊन आलो असतो?" मान खाली. हसू. मग हसू गेलं. रिकामी पिशवी त्यानं बोटांभोवती गुंडाळली. "आता व्हाउचर संपलं, चंचल. येत्या रविवारी मी काय मनून येऊ?"

'मॅडम' म्हणणं गेलं होतं. ते मलाही जाणवलं, त्यालाही.

"तुमी नका येऊ," मी म्हटलं.

त्यानं मान वर केली.

"सोमवारी सुट्टी असते माझी. मी येते गडचिरोलीले. बसनं. माझा एक प्रश्न आहे, सात मिनिटांचा."

"आत्ताच विचार ना..." तो घाईनं म्हणाला. "नाई तर फोनवर. नंबर देतो."

मी वही मिटली.

"फोनवर टायर दिसत नाई," मी म्हटलं.